पहिल्या घासाचं औषध

१७ जुलै २०२४, बुधवार, मिरज

आषाढी एकादशी. औषधांच्या दुकानाचं शटर वर करायच्या आधीपासून फोन. प्रश्न एकच, "आज उपवास आहे, शुगरची गोळी घ्यायची का?" उत्तर मात्र एक नाही. नुसती मेटफॉर्मिन असेल तर ती सहसा शुगर फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड असेल तर ती सकाळी पोटात गेली की दिवसभर काम करत राहते, तुम्ही जेवा नाहीतर उपाशी राहा. अशांना मी डॉक्टरांना फोन करायला सांगते. बहुतेक जण करत नाहीत. शेजारणीला विचारतात.

त्यात आपला उपवास म्हणजे उपाशी राहणं थोडंच आहे. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, रताळ्याचा कीस, वर केळं. साबुदाणा म्हणजे कंदातला जवळजवळ निव्वळ स्टार्च. दुपारी एक काका मीटर घेऊन दुकानात आले, आकडा २८६. मीटर बिघडलंय म्हणाले. पट्टी बदलून पुन्हा बघितलं, २९१. "उपवास करूनसुद्धा?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा खिचडी किती खाल्ली एवढंच मी विचारलं. "दोनदा. पण छोट्या ताटलीत."

२५ जुलै, गुरुवार

रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेल्या आजोबांची चिठ्ठी बदलली. क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे मूत्रपिंड थकलंय, म्हणून मेटफॉर्मिन बंद. नवी गोळी रेपाग्लिनाइड, अर्धा मिलिग्रॅम, १-१-१, जेवणाआधी पंधरा मिनिटं. खाली डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय : 'जेवण नाही तर गोळी नाही.'

दुकानात एकही स्ट्रिप नव्हती. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनच्या डब्यांनी अख्खा खण भरलेला असतो, ही गोळी वर्षात कितीदा मागितली जाते? सांगलीच्या स्टॉकिस्टला फोन केला, संध्याकाळच्या गाडीनं आली.

खरं सांगायचं तर मला ही गोळी आवडते. बाकीच्या शुगरच्या गोळ्या घड्याळाकडं बघतात, ही ताटाकडं. निरोगी माणूस जेवायला बसला की काही मिनिटांतच स्वादुपिंडातून इन्सुलिनची पहिली लाट येते. टाइप दोनच्या मधुमेहात जी गोष्ट फार लवकर बिघडते ती हीच. इन्सुलिन येतं, पण उशिरा, आणि तोवर भातातली साखर रक्तात येऊन बसलेली असते. रेपाग्लिनाइड स्वादुपिंडातल्या पेशींवरची पोटॅशियमची वाट बंद करते, त्यामुळं कॅल्शियम आत शिरतं आणि साठवलेलं इन्सुलिन बाहेर पडतं. ग्लिमेपिराइडही करते हेच. फरक वेगाचा आणि मुक्कामाचा. ही अर्ध्या तासाच्या आत कामाला लागते, तासाभरात रक्तातलं तिचं प्रमाण शिखरावर जातं आणि पुढच्या दर तासाला साधारण निम्मं होत जातं. पुढचं जेवण येईपर्यंत तिचा हिशेब संपलेला असतो. शिवाय तिचा निचरा मुख्यतः यकृत आणि पित्तावाटे होतो, मूत्रपिंडावर फारसा भार नाही. आजोबांना दिली ती त्यासाठीच.

अमेरिकेत हिला १९९७च्या अखेरीस परवानगी मिळाली. मागोमाग नॅटेग्लिनाइड आली, ती जपानच्या अजिनोमोतोच्या प्रयोगशाळेतली. चायनीजच्या गाडीवर पांढरी पूड असते, तिचीच ही कंपनी. त्यांचं सगळं आयुष्य अमिनो आम्लांत गेलेलं, आणि नॅटेग्लिनाइडही फिनिलअॅलनिन नावाच्या अमिनो आम्लापासूनच बनते. हे मी आजोबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे शुगर वाढवणारेही तेच आणि उतरवणारेही तेच." ती पूड साखर वाढवत नाही, नूडल्स वाढवतात, हे समजवायला वेळ मिळाला नाही, गिऱ्हाइकं थांबली होती.

५ ऑगस्ट, सोमवार

पहिला श्रावणी सोमवार. आजोबांचा फोन साडेबाराला. स्वतः उपवास करत नाहीत, पण आजींचा असतो आणि सोमवारी त्या घरात दुपारी चूल पेटत नाही. "बाई, दुपारी दोन केळी आणि कपभर दूध घेणार. हे जेवण धरायचं का?"

चिठ्ठीवर 'जेवण' लिहिणं सोपं असतं. मी डॉक्टरांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, भात, पोळी, भाकरी, पोहे, उपमा असं भरल्या ताटलीचं काही असेल तर गोळी. चहा-बिस्किट, एखादं फळ याला नको. दोन केळी? थोडं थांबून म्हणाले, आज नको, दोन तासांनी शुगर बघा आणि मला सांगा. मीटरवर १७४ आली. ठीक.

आजोबांनी रेल्वेच्या जुन्या सवयीनं वही घातलीय. उभे रकाने : गोळी, पहिला घास, दोन तासांनंतर. वेळा चोवीस तासांच्या. १२.२५, १२.४०, १४.४०. पंधरा मिनिटांचा फरक कुठंही चुकलेला नाही. हा माणूस तीस वर्षं झेंडी दाखवून गाड्या सोडायचा, आता भात सोडतो.

२२ ऑगस्ट, गुरुवार

संकष्टी. ही आजोबांनाही असते. आज त्यांची रात्रीची गोळी चंद्रावर. पावसाचं आभाळ, चंद्र दिसायचा प्रश्नच नव्हता, म्हणून कालनिर्णयात वेळ बघून नऊच्या सुमाराला नैवेद्य, मग ताटं. त्याआधी पंधरा मिनिटं गोळी.

जुनी सकाळची गोळी असती तर हा दिवस काळजीचा गेला असता. इथं काहीच अडलं नाही. दुपारी जेवण नव्हतं, गोळी नव्हती. समोरच्या चाचांना गेल्या रमझानमध्ये डॉक्टरांनी हीच गोळी दिली होती, एक इफ्तारला, एक सहरीला, मधली गाळून. तेव्हाच मला पहिल्यांदा आश्चर्य वाटलं की उपवासवाल्यांच्या गावात ही गोळी एवढी मागं का पडली. उत्तर तसं माहीत आहे. दिवसातून तीनदा आठवणीनं घ्यायची वस्तू लोकांना नको असते, आणि आठवण करून द्यायला आता तिच्या कंपनीचा प्रतिनिधीही येत नाही.

२८ ऑगस्ट, बुधवार

आजोबा-आजी दोघांचीही तपासणी होती. आजींना मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज ०.२. लॅबचा मुलगा सकाळी उपाशीपोटीचं रक्त घेऊन गेला, दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी पुन्हा आला. आजोबांची जेवणानंतरची १६२. आजींची २४८. संध्याकाळी आजी नवी चिठ्ठी घेऊन आल्या, व्होग्लिबोज ०.३.

सहज विचारलं, "आजी, तुम्ही किती वाजता जेवलात?"

"हे जेवले ना बाराला."

"हे नव्हे. तुम्ही."

त्यांना आठवेना. मग हिशेब लागला. आजोबांचं ताट बाराला वाढलं, पोळ्या गरम करून वाढल्या, भांडी मोरीत टाकली, शेजारच्या नातवाला भरवलं, मग ओट्याशी उभ्यानं खाल्लं. एक वाजून गेला असणार. म्हणजे रक्त घेतलं तेव्हा त्यांच्या पहिल्या घासाला जेमतेम तास झालेला. साखर नेमकी चढावर असते ती वेळ. आजोबांच्या वेळेनं आजींचं रक्त घेतलं आणि त्यावर गोळी वाढवली.

यात लॅबच्या मुलाचा दोष काय? त्यानं विचारलं होतं, "जेवण किती वाजता झालं?" आजोबांनी वही बघून सांगितलं. घराचं जेवण म्हणजे आजोबांचं जेवण, हे त्यालाही आणि त्यांनाही एवढं उघड होतं की दुसरा प्रश्न कुणाला सुचलाच नाही. पुन्हा ही गंमत की दोन तास जेवण संपल्यापासून मोजायचे की सुरू झाल्यापासून, हेही दहांतल्या सात जणांना ठाऊक नसतं. पहिल्या घासापासून मोजायचे. संथ जेवणाऱ्याचा त्यात अर्धा तास जातो.

व्होग्लिबोजही पहिल्या घासाशीच बांधलेली आहे. ती रक्तात जवळजवळ जातच नाही, आतड्यातच तिचं काम. तिथं स्टार्चचे आणि साखरेचे तुकडे करणारी जी विकरं असतात त्यांच्या कामात ती अडथळा आणते, म्हणजे भात पचतो पण रमतगमत. जेवण सुरू होताना ती आतड्यात हजर पाहिजे. आजी ती कधी घेतात? आजोबांना पाणी देताना स्वतःची पण घेऊन टाकतात. म्हणजे त्यांच्या घासाच्या तासभर आधी. अर्धी गोळी मोरीतच गेली म्हणायची.

डॉक्टरांना फोन करून एवढंच सांगितलं. म्हणाले, ०.२च ठेवा, आठवड्यानं पुन्हा करा, त्यांच्या वेळेनं.

३० ऑगस्ट, शुक्रवार

रिक्षावाले दादा व्होग्लिबोजची स्ट्रिप परत करायला आले. "ताई, ही नको. पोटात नुसता ढोल वाजतोय. पाशिंजर मागं वळून बघतंय." चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, सगळी हसली, तेही हसले, पण गोळी काही घेतली नाही.

न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात पोचतो, तिथले जंतू त्याला आंबवतात, वायू होतो. औषध काम करतंय याचीच ही खूण, पण रिक्षात बसून हे कसं सांगायचं. हिची थोरली बहीण अकार्बोज याबाबतीत आणखी कुप्रसिद्ध. बायरची, मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेली. २००२ साली छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना ती दिली, तेव्हा मधुमेह होण्याचं प्रमाण साधारण चतुर्थांशानं घटलं. पण गोळी घेणाऱ्यांतले जवळजवळ एक तृतीयांश लोक मध्येच सोडून गेले. त्यात एखादा रिक्षावाला नक्की असणार. नॅटेग्लिनाइडचाही पुढं असाच प्रयोग झाला, नऊ हजारांवर लोक, पाच वर्षं, निकाल २०१०मध्ये. मधुमेह काही टळला नाही.

व्होग्लिबोज जपानमध्ये १९९४पासून आहे आणि आपल्याकडं ती अशी रुजलीय की तिघांची एक गोळी करून विकतात : ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन, व्होग्लिबोज. कारण भात आणि भाकरी. आयसीएमआरच्या पाहणीत भारतीयांच्या उष्मांकातला सुमारे ६२ टक्के वाटा पिष्टमय पदार्थांचा निघाला. आतड्यातच पहारा बसवणारं औषध इथं खपणारच.

दादांना म्हटलं, सोडू नका, डॉक्टरांना सांगा, कमी मात्रेनं सुरू करून हळूहळू वाढवतात. "बघतो," म्हणाले. म्हणजे नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

हरतालिका. दुपारी बाराला गल्लीतली एक मुलगी धावत आली, "ताई, आईला कसंतरी होतंय." दोन घरं सोडून. वहिनी पलंगावर बसलेल्या, घामानं पदर ओला, हात थरथरत होते. शुद्धीवर होत्या, गिळत होत्या, एवढं बरं. सकाळी पाण्याचा थेंब न घेता उपवास धरला, पण गोळी चुकवायची नाही म्हणून तेवढ्या घोटाबरोबर ती घेतली. तीच तिघांची एक.

घरच्यांनी त्यांच्या समजुतीप्रमाणं बरोबरच केलं होतं. साखरेचे चमचे भरवले. मीटरवर आधी ५८. पंधरा मिनिटांनी ६१. सासूबाई तिसऱ्यांदा साखरेचा डबा आणत होत्या.

इथं नेमकी व्होग्लिबोज आडवी येते. आपली रोजची साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडगोळी. ती आतड्यात फुटली तरच ग्लुकोज रक्तात जाणार, आणि फोडणारं विकर तर या गोळीनंच अडवून धरलेलं. चमचाभर साखर काय, वाटीभर घातली तरी वर यायला वेळ लागतो. मी दुकानातून ग्लुकोजची पूड आणली, तीन मोठे चमचे पाण्यात ढवळून पाजली. ग्लुकोज आधीच सुटं असतं, त्याला कुणी फोडावं लागत नाही. पंधरा मिनिटांत ९३. घाम थांबला.

तेवढ्यावर सोडलं नाही. व्होग्लिबोज जेवणापुरती असते, पण त्या गोळीतली ग्लिमेपिराइड संध्याकाळपर्यंत खाली ओढत राहणार. पोळी-भाजी खायला लावली, मुलाबरोबर डॉक्टरांकडं पाठवलं. वहिनी रडवेल्या. "व्रत मोडलं." सासूबाई म्हणाल्या, "पार्वतीनं पानं खाऊन तप केलं होतं, तू पोळी खा." एवढं चांगलं उत्तर मला सुचलं नसतं.

दुकानात आल्यावर व्होग्लिबोज आणि अकार्बोजच्या सगळ्या डब्यांवर मार्करनं लिहिलं : शुगर उतरली तर साखर नव्हे, ग्लुकोज. आता या गोळ्यांबरोबर मी ग्लुकोजचं पाकीटही समोर ठेवते. काहींना वाटतं, ताई धंदा वाढवतात. वाटू दे.

११ सप्टेंबर, बुधवार

गौरी जेवल्या. घरोघरी पुरणपोळी. मीटरच्या पट्ट्या संपल्या.

२० सप्टेंबर, शुक्रवार

पक्ष चालू आहे. आजोबांकडं आज त्यांच्या वडिलांची तिथी. गच्चीवर पान ठेवलं आणि कावळा काही येईना. दीड वाजला, दोन वाजले. भटजी पुढच्या घरी जायला उतावीळ. आजोबांनी गोळी समोर वाटीत ठेवलेली, घ्यायची नाही असं ठरवून. अडीचच्या पुढं एक कावळा आला, भात सोडून वडा घेऊन गेला. मग गोळी, मग पंधरा मिनिटं, मग ताट. वहीत '१४.४०' आणि पुढं शेऱ्याच्या जागी 'लेट, का. कारण'. मला वाटलं कामाचं कारण. म्हणाले, कावळ्याचं.

आजींची पुन्हा केलेली तपासणी आली, त्यांच्याच पहिल्या घासापासून दोन तास मोजून. १७१. गोळी आहे तीच.

२६ सप्टेंबर, गुरुवार

आजोबांच्या छातीत दुखलं, दोन दिवस दवाखान्यात होते, स्टेंट टाकला. घरी आले. मुलगा नवी चिठ्ठी घेऊन आला. अॅस्पिरिन, स्टॅटिन, क्लोपिडोग्रेल. शुगरची गोळी जुन्या चिठ्ठीप्रमाणं चालू.

मी क्लोपिडोग्रेलवरच थांबले. रेपाग्लिनाइड यकृतात ज्या विकरामार्फत मोडली जाते, त्याला क्लोपिडोग्रेल अडवते. मग तीच अर्धा मिलिग्रॅमची गोळी रक्तात कितीतरी पट साचते. अभ्यासांत चार-पाच पट वाढ दिसलीय. ट्रायग्लिसराइडसाठी देतात त्या जेमफिब्रोझिलबरोबर तर आठ पट. जी गोळी जेवणापुरती येऊन जायची, ती मग रात्रभर मुक्काम करते. हृदयाच्या डॉक्टरांनी हृदय बघितलं, शुगरच्या डॉक्टरांना स्टेंटची खबर नाही, आणि दोन्ही चिठ्ठ्या एकत्र येतात ती जागा म्हणजे माझं काउंटर.

शुगरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, रेपाग्लिनाइड आजपासून बंद, लिनाग्लिप्टिन पाच मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, जेवणाशी संबंध नाही. मूत्रपिंडासाठी मात्रा बदलावी लागत नाही. चिठ्ठी व्हॉट्सॅपवर आली.

मुलगा खूश. "बरं झालं, तीनदाची कटकट गेली." खरंच बरं झालं. आजोबांचं तोंड मात्र उतरलं. वहीचं काय करायचं, असं त्यांनी फोन करून विचारलं.

उरलेल्या दोन अखंड स्ट्रिपा स्टॉकिस्टकडं परत पाठवल्या. कापलेली घेत नाहीत.

१६ ऑक्टोबर, बुधवार

कोजागरी. संध्याकाळी आजी आल्या, मेटफॉर्मिन संपली होती. बरोबर आजोबांची वही. आता तिच्यात आजींच्या वेळा असतात, अक्षर आजोबांचंच. 'पहिला घास १२.५५.' पूर्वीपेक्षा दहाएक मिनिटं अलीकडं, एवढीच प्रगती. पोळ्या गरम करून वाढायच्या थांबल्या नाहीत.

"रात्री बाराला मसाला दूध आहे," म्हणाल्या. "त्याला ती गोळी लागते का?"

नाही म्हटलं. दुधातल्या साखरेला फोडणारं विकर वेगळं, त्याला ही गोळी हात लावत नाही. वरून घातलेल्या साखरेवर तिचा थोडा अंमल चालेल, पण त्यासाठी मध्यरात्री गोळी कशाला, साखरच घालू नका. आणि अर्धा कपच घ्या.

आजींनी पिशवीत गोळ्या टाकल्या. "बिनसाखरेचं आणि अर्धा कप. मग चंद्रालाच दाखवते आणि ह्यांना देते." ह्यांनाही तेवढंच, असं मी ओरडून सांगितलं, तोवर त्या पायरी उतरल्या होत्या.